इंग्रजीची घरातली नावं

गाडीचं चाक बदलायचं असलं की गॅरेजवाला पोऱ्याला ओरडतो, 'जॅक आण रे.' हा जॅक मुळात माणूस आहे. जॉन या नावाचं मध्ययुगीन इंग्लंडमधलं लाडकं रूप जॅनकिन, त्याचं घासून घासून जॅक झालं. गावोगाव इतके जॉन होते की जॅक म्हणजे कुणीही सोम्यागोम्या, पडेल ते काम करणारा गडी, असा अर्थ रुळला. मग गड्याच्या हातची कामं करणाऱ्या अवजारांनाही तेच नाव चिकटलं. बूट ओढून काढायचा जॅक, चुलीवर मांसाचा गज फिरवणारा जॅक, जड ओझं उचलणारा जॅक. पत्त्यांतला गुलाम जॅक, खलाशी म्हणजे जॅक टार, लाकूडतोड्या लंबरजॅक. पुढचा टप्पा आपल्याकडचा. 'वरून जॅक होता, म्हणून त्याचं काम झालं' हे वाक्य मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, पण लंडनच्या जॉनला ते कळणार नाही. फणसाच्या जॅकफ्रूटचा मात्र या जॅकशी काही संबंध नाही. तो शब्द मल्याळममधल्या 'चक्का'वरून पोर्तुगीजांच्या 'जाका'मार्गे इंग्रजीत आला आणि आयत्या जॅकच्या ओळीत जाऊन बसला.

इंग्रजीतली टोपणनावं, बाजारू बोलीतले शब्द आणि रोजचे साधे शब्द यांचे अर्थ लावायचे कसे, हा प्रश्न अडीचशे वर्षांहून अधिक काळ कोशकारांना छळतो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. या शब्दांची रूपं ठरावीक वळणांनी बदलतात, ती शिकता येतात. अर्थ मात्र शब्दात नसतोच म्हटलं तरी चालेल. तो कोण, कुणाला, कुठे आणि कधी म्हणालं यात असतो. हे चार प्रश्न विचारणारे कोश उपयोगी पडले. नुसता अर्थ देणाऱ्यांनी बऱ्याचदा फसवलं.

रूपांपासून सुरुवात करू, कारण तिथे निदान पाय ठेवायला जागा आहे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर जुनी सॅक्सन नावं मागे पडली आणि विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, जॉन, हेन्री अशा मोजक्या नावांचं राज्य आलं. एका गावात पाच रॉबर्ट असले तर हाक कुणाला मारायची? लोकांनी सोपी युक्ती केली. नाव तोडायचं आणि पहिलं अक्षर बदलून यमक जुळवायचं. रॉबर्टचा रॉब, रॉबचे हॉब, डॉब आणि बॉब. रिचर्डचा रिक, रिकचे हिक आणि डिक. विल्यमचा विल, विलचा बिल. आपल्याकडे बिल क्लिंटनचं खरं नाव विल्यम आहे हे कळल्यावर अनेकांना आश्चर्य वाटतं, पण विल ते बिल हे अंतर एका ओठाचं आहे. यातली काही रूपं माणसांबरोबर मेली, आडनावांत मात्र उरली: हॉब्ज, हॉब्सन, डॉब्सन, हॉपकिन्स, हिक्स, डिक्सन, डिकन्स. तत्त्वज्ञ हॉब्ज आणि कादंबरीकार डिकन्स ही दोन्ही मोठी नावं अशी गल्लीतल्या हाकेतून आलेली.

दुसरी खोड 'र' गिळून 'ल' म्हणण्याची. मेरीची मॉली, सेराची सॅली, डोरोथीची डॉली, हॅरीचा हॅल. लहान मुलांना 'र' जड जातो, हे आपल्या घरातही ऐकू येतंच. मॉलीला यमक जुळवून पॉली झाली, आणि पॉली पोपटाचं नाव म्हणून जगभर गेली. मार्गारेटची मेग, मेगची पेग, पेगची पेगी. त्याच मार्गारेटला डेझीही म्हणतात, कारण फ्रेंचमध्ये डेझीच्या फुलाला मार्गरीत म्हणतात. तिसरी खोड चुकीच्या जागी शब्द तोडण्याची. 'माझा एड' या अर्थाच्या 'माइन एड'मधला 'न' पुढे सरकला आणि एडवर्डचा नेड झाला. खुद्द 'निकनेम' हा शब्दही तसाच घडलाय. मध्ययुगीन इंग्रजीत ते 'ॲन ईक नेम', म्हणजे जास्तीचं नाव होतं, त्याचं 'अ नीक नेम' झालं. जुनी कागदपत्रं चाळून वंशावळ काढणाऱ्यांना हे सगळं पाठ असावं लागतं. नाहीतर चर्चच्या नोंदीतली ॲन आणि मृत्युपत्रातली नॅन्सी या दोन बायका आहेत असं समजून ते एका माणसाची दोन लग्नं लावून मोकळे होतात.

पक्ष्यांनाही इंग्रजांनी घरच्यासारखी नावं ठेवली आहेत. लाल छातीच्या पक्ष्याला आधी नुसतं रेडब्रेस्ट म्हणत. लाडाने पुढे रॉबिन लावलं, म्हणजे रॉबर्टचंच आणखी एक रूप. आता रॉबिन उरला आणि रेडब्रेस्ट गळालं. कावळ्याच्या कुळातल्या 'डॉ'ला जॅक लागून जॅकडॉ झाला, 'पाय' नावाच्या पक्ष्याला मार्गारेटची मॅग लागून मॅगपाय झाला.

नावाचा शब्द होण्याची सर्वांत मजेदार गोष्ट गाय फॉक्सची. मराठीत लिहिताना त्याचा चतुष्पाद होतो, त्याला इलाज नाही. 1605 साली इंग्लंडची संसद सुरुंगाने उडवण्याच्या कटात हा इसम तळघरात बारुदासकट सापडला. तेव्हापासून दर 5 नोव्हेंबरला त्याचा पुतळा जाळतात. पुतळा फाटक्या कपड्यांचा, म्हणून एकोणिसाव्या शतकात बावळट वेशातल्या माणसाला 'गाय' म्हणू लागले. अमेरिकेत जाता जाता त्यातला हेटाळणीचा सूर गेला आणि 'गाय' म्हणजे नुसता माणूस, गडी असं झालं. आज न्यूयॉर्कच्या उपाहारगृहात वेटर चार बायकांच्या टेबलापाशी येऊन 'यू गाइज' म्हणतो. राजद्रोही, पुतळा, गबाळा, पुरुष आणि शेवटी तुम्ही सगळे, बायकासुद्धा. चारशे वर्षांत एका नावाने एवढी मजल मारली.

सैन्यात तर टोपणनाव माणसाला आडनावाबरोबर फुकट मिळतं. ब्रिटिश पलटणीत क्लार्क आला की तो नॉबी, मिलर आला की डस्टी, कारण पिठाची गिरणी म्हटलं की धूळ आली, व्हाइट आला की चॉकी, मर्फी आला की स्पड, म्हणजे बटाटा, कारण तो आयरिश. त्या माणसाचा स्वभाव, रूप, कर्तृत्व यांचा काडीचा संबंध नाही. ऑस्ट्रेलियात उलटा न्याय आहे: लाल केसांचा माणूस तिथे 'ब्लुई'. टकल्याला 'कर्ली' आणि धिप्पाडाला 'टायनी' म्हणण्याची गंमत तर इंग्रजी बोलणाऱ्या सगळ्याच मुलखांत चालते. लंडनचे पोलीस 'बॉबी' झाले ते 1829 साली ते दल उभं करणाऱ्या रॉबर्ट पीलमुळे. आयर्लंडमधले पोलीस त्याच पीलमुळे 'पीलर' झाले. लाडकं नाव लंडनला आणि आडनाव आयर्लंडला, या वाटणीत राज्य करणाऱ्याचं आणि राज्य सोसणाऱ्याचं नातं दिसतं असं मला वाटतं, पण हा माझा अंदाज समजावा. मुंबईत हवालदाराला 'मामा' म्हणायचं की 'पांडू', हे जसं म्हणणारा रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभा आहे त्यावर ठरतं, तसंच काहीसं.

इथून प्रकरण गंभीर होतं. टोपणनाव कोण ठेवतो आणि ते नाकारायची मुभा कुणाला असते? अमेरिकेत पुलमन कंपनीच्या झोपायच्या डब्यांत काम करणारे हमाल बहुतेक कृष्णवर्णीय होते. गोरे प्रवासी त्या सगळ्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणत, मालक जॉर्ज पुलमनच्या नावावरून. गुलामाला धन्याचं नाव लावायच्या जुन्या रिवाजाचीच ही शेपटी. जॉर्ज हे नाव वाईट नाही, प्रेमळ आहे, पण तुझं खरं नाव विचारायची मला गरज वाटत नाही, एवढाच त्या हाकेचा अर्थ होता. 1925 साली या हमालांनी ए. फिलिप रँडॉल्फच्या नेतृत्वाखाली संघटना उभारली, तेव्हा पगाराइतकाच माणूस म्हणून वागवलं जाण्याचा मुद्दाही होता. हे फार जुनं झालं असं म्हणण्याची सोय नाही. यॉर्कशायर क्रिकेट क्लबमध्ये चेतेश्वर पुजाराला 'स्टीव्ह' म्हणत, कारण चेतेश्वर उच्चारायचे कष्ट नकोत. पुजाराने स्वतः आपल्याला चेतेश्वर म्हटलेलं आवडेल असं सांगितलं होतं. पुढे तिथेच खेळलेल्या अझीम रफीकने त्या क्लबातल्या वंशभेदाबद्दल तोंड उघडलं, 2021 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा हा स्टीव्हही पुन्हा चर्चेत आला. परदेशी कचेरीत सिद्धार्थचा 'सिड' झालेले मराठी लोक पुष्कळ आहेत. ज्याने ते स्वतःहून घेतलं त्याला ते सोयीचं वाटतं. ज्याच्यावर ते लादलं गेलं त्याला ते स्टीव्ह वाटतं. अक्षरं तेवढीच.

शिवी उलटवून मिरवण्याचीही इंग्रजीला जुनी सवय आहे. 'टोरी' हा आयरिश भाषेतला लुटारू, सतराव्या शतकात विरोधकांनी तो एका राजकीय गटाच्या माथी मारला आणि आज हुजूर पक्षाचे लोक स्वतःला बिनदिक्कत टोरी म्हणवतात. 1906 साली 'डेली मेल'ने मताधिकार मागणाऱ्या बायकांना हिणवायला 'सफ्रजेट' शब्द काढला. त्या बायकांनी तो उचलला आणि 1912 साली आपल्या वृत्तपत्राचंच नाव 'द सफ्रजेट' ठेवलं.

हाकेच्या शब्दांत हा खेळ रोज चालतो. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायरमध्ये बसचा ड्रायव्हर अनोळखी पुरुषालाही 'लव्ह' म्हणतो. नॉटिंगहॅम-डर्बीकडे 'डक', म्हणजे बदक. न्यूकॅसलला 'पेट', ग्लासगोला बायकांना 'हेन', म्हणजे कोंबडी. लंडनच्या पॉश कचेरीतल्या साहेबाने हाताखालच्या बाईला 'लव्ह' म्हटलं तर तक्रार होईल, आणि होणं योग्य आहे. ऑस्ट्रेलियातला 'मेट' तर सूर बघून अर्थ बदलतो. लांबवून म्हटला तर दोस्ती, तुटक म्हटला तर बाचाबाचीची नांदी. 2005 साली कॅनबराच्या संसदभवनातल्या सुरक्षारक्षकांना, येणाऱ्याजाणाऱ्यांना 'मेट' म्हणू नका, असा हुकूम निघाला. देशभर असा गदारोळ झाला की दिवसभरात तो मागे घ्यावा लागला. शिष्टाचाराच्या नावाखाली समानतेची खूणच काढून घेताय, असं लोकांना वाटलं.

आता बाजारू बोली, म्हणजे स्लँग. तिच्याबद्दल विद्वानांची नाराजी तिच्याइतकीच जुनी आहे. जोनाथन स्विफ्टने 1710 मध्ये 'मॉब', 'बँटर' असल्या नव्या शब्दांवर तोंडसुख घेतलं होतं. सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या कोशात 'फन' या शब्दाला हलका, टवाळांचा शब्द असा शेरा मारला. आज हे तिन्ही शब्द शाळेच्या निबंधात चालतात. जॉन्सनच्या पाठोपाठ 1785 साली फ्रान्सिस ग्रोझ नावाच्या लठ्ठ, खुशालचेंडू कॅप्टनने गावंढळ आणि चोरट्या बोलीचा कोश काढला. तो लंडनच्या गुत्त्यांत रात्री हिंडून शब्द वेचत असे, असं सांगतात. मला या दोघांत ग्रोझ जवळचा वाटतो. जॉन्सनने शब्दांना रांगेत उभं केलं, ग्रोझ त्यांच्या घरी गेला. पुढे 1859 मध्ये जॉन कॅमडेन हॉटन, 1937 मध्ये एरिक पार्ट्रिज आणि 2010 मध्ये जोनाथन ग्रीनचे तीन जाडजूड खंड अशी ही परंपरा चालली. ग्रीनची ताकद तारखांत आहे. शब्द कुणी, कुठे, कुठल्या साली वापरला याचे दाखले तो देतो. पार्ट्रिज वाचायला जास्त चटकदार, पण त्याच्या व्युत्पत्त्यांवर डोळे मिटून विसंबू नये. राहिला ऑक्सफर्डचा महाकोश. 1884 ते 1928 अशी चव्वेचाळीस वर्षं छापला जात असलेल्या त्या कोशाने दोन अस्सल शिव्या गाळल्या. त्या घ्यायला 1972 ची पुरवणी उजाडावी लागली. सगळ्या इंग्लंडला ठाऊक असलेले शब्द तेवढे कोशाला ठाऊक नव्हते.

लंडनच्या पूर्व भागातल्या कॉकनी लोकांची यमकबोली हा स्लँगचा सर्वांत देखणा नमुना. पद्धत अशी की शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारी जोडगोळी वापरायची आणि मग तीतला यमकाचा भागच टाकून द्यायचा. 'लुक'साठी 'बुचर्स हुक', त्यातला हुक गाळून नुसतं 'बुचर्स'. 'हेड'साठी 'लोफ ऑफ ब्रेड', त्यातलं ब्रेड गाळून 'लोफ'. त्यामुळे 'डोकं वापर' ऐवजी 'पाव वापर' असं ऐकू येतं आणि बाहेरच्याला काही बोध होत नाही. हॉटनच्या 1859 च्या कोशात ही बोली सापडते. पोलिसांना कळू नये म्हणून चोरांनी ती काढली, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तसा पक्का पुरावा नाही. फेरीवाल्यांची गिऱ्हाइकाला चकवण्याची करमणूक हेही तितकंच शक्य आहे. बेलफास्टची रूबी मरे ही गायिका 1955 मध्ये इतकी लोकप्रिय होती की तिची पाच गाणी एकाच आठवड्यात पहिल्या वीसांत होती. मरेचं यमक करीशी जुळलं आणि 'रूबी खायला जाऊ या' म्हणजे हिंदुस्थानी हॉटेलात जाऊ या, असं झालं. गाणी विस्मरणात गेली, गायिका रश्श्यात उरली. 'रास्पबेरी टार्ट' हे एका अशिष्ट आवाजाचं यमक. तोंडाने तसा आवाज काढणं म्हणजे 'रास्पबेरी', आणि हॉलिवूडच्या टुकार सिनेमांना मिळणारं रास्पबेरीचं पारितोषिक त्याच वासाचं.

अर्थ उलटा फिरवण्याचं श्रेय अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बोलीला द्यायला हवं. 'बॅड' म्हणजे झकास, असं तिथे म्हणत, आणि म्हणताना स्वर लांबवत. ज्यांच्या तोंडावर चांगलं-वाईट दुसरे ठरवतात, त्यांनी आपला निवाडा आपल्या शब्दात करायचा ठरवला तर तो असाच होणार. 'कूल' जॅझ वादकांच्या वर्तुळातून बाहेर पडला आणि तळ ठोकून बसला. 'वोक'चं नशीब वेगळं. गायक लेड बेलीने 1938 साली स्कॉट्सबरोच्या खटल्यात अडकवलेल्या कृष्णवर्णीय मुलांबद्दलच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात 'जागे राहा' या अर्थाने तो वापरला. जीव वाचवायचा सल्ला होता तो. आज त्याच शब्दाने अमेरिकी राजकारणात एक बाजू दुसरीला शिवी घालते. कोशात दोन्ही अर्थ एकाखाली एक छापतात, पण बोलणारा कुठल्या पक्षाचा हे माहीत नसेल तर त्यातला कुठला घ्यायचा हे कळायला मार्ग नाही.

'ओके'ची गोष्ट मात्र पुराव्यानिशी सांगता येते, आणि तशा फार थोड्या आहेत. बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत 1838-39 च्या सुमारास आद्याक्षरांची टूम होती, तीही मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची. 'ऑल करेक्ट'ऐवजी 'ओल करेक्ट', त्याचं ओके. बॉस्टन मॉर्निंग पोस्टच्या 23 मार्च 1839 च्या अंकात ते सापडतं. त्या टुमेतले बाकीचे विनोद वर्षभरात मेले. ओके वाचला कारण पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरेन उभा होता. त्याचं गाव किंडरहुक, टोपणनाव 'ओल्ड किंडरहुक', आणि त्याच्या पाठीराख्यांच्या मंडळाचं नाव ओके क्लब. ब्युरेन पडला, ओके निवडून आला. हे सगळं ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने 1960 च्या दशकात वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली उपसून सिद्ध केलं. तोवर ओके ग्रीकमधून आला, चोक्टॉ भाषेतून आला, कुठल्याशा बिस्किटांच्या खोक्यावरून आला, अशा गोष्टी हौसेने सांगितल्या जात. अजूनही जातात.

सुंदर गोष्ट दिसली की संशय घ्यावा, हा या क्षेत्रातला पहिला नियम. 'पॉश' आपल्या जवळचा. मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर श्रीमंत प्रवासी येताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची केबिन घेत, ऊन टाळायला. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' असा शिक्का तिकिटावर मारत, त्याची आद्याक्षरं म्हणजे पॉश. गोष्ट फक्कड आहे. तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या चोरट्या बोलीत 'पॉश' म्हणजे नाणं, आणि छानछोकी करणारा माणूस, असे अर्थ आधीच होते. आद्याक्षरांची व्युत्पत्ती सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांना पुरावा मागितला की विषय बदलावा लागतो.

साध्या शब्दांकडे आलं की वाटतं, इथे तरी जमीन घट्ट असेल. ती सर्वांत भुसभुशीत इथेच आहे. 'नाइस' म्हणजे एके काळी अडाणी, मूर्ख. 'सिली' म्हणजे धन्य, पुण्यवान, मग भोळा, मग दुबळा, मग मूर्ख. 'बुली' सोळाव्या शतकात प्रियकर होता. 'गर्ल' म्हणजे मुलगा किंवा मुलगी, कुणीही पोर. 'ऑफुली गुड'मधल्या भयाचं काय झालं, हे 'भयंकर छान' म्हणणाऱ्या मराठी माणसाने विचारू नये. बायकांबद्दलचे शब्द मात्र हमखास खाली घसरतात. 'हाउसवाइफ'ची 'हसी', म्हणजे निर्लज्ज बाई, झाली. 'मिस्ट्रेस' घरधनीण होती, आता ठेवलेली बाई. त्यांच्या पुरुषी जोड्या मात्र जिथल्या तिथे. याला योगायोग म्हणणं कठीण.

समुद्र ओलांडला की शब्द कूस बदलतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी सेनाधिकारी एका बैठकीत एक विषय 'टेबल' करण्यावरून बराच वेळ भांडले, असं चर्चिलने लिहून ठेवलंय. इंग्रजांच्या लेखी टेबल करणं म्हणजे चर्चेला घेणं, अमेरिकनांच्या लेखी बाजूला ठेवणं. दोघांनाही तो विषय तातडीने घ्यायचाच होता! 'पिस्ड' लंडनला झिंगलेला, शिकागोला संतापलेला. इंग्लंडमध्ये 'पँट्स' आत घालतात, अमेरिकेत बाहेर. दक्षिण आफ्रिकेत 'रोबॉट'पाशी थांबायचं म्हणजे सिग्नलला. आपल्या मुलांनी अमेरिकी वर्गात 'रबर' मागितला की बाईंना काय वाटतं, ते तिकडच्या मराठी घरांतून एव्हाना सगळ्यांनी ऐकलेलं असतं. 'बिलियन' म्हणजे पूर्वी ब्रिटनमध्ये एक लाख कोटी, अमेरिकेत शंभर कोटी. 1974 साली हॅरल्ड विल्सनच्या सरकारने अमेरिकी माप पत्करलं, तेव्हा हा घोळ मिटला.

पण मोठाले फरक धोक्याचे नसतात, ते लगेच लक्षात येतात. घात करतो तो 'क्वाइट'. पुण्याहून गेलेल्या इंजिनिअरच्या अहवालावर अमेरिकी साहेबाने 'क्वाइट गुड' लिहिलं तर काम चांगलं झालं. लंडनच्या साहेबाने तेच लिहिलं तर काम बरं आहे, पण पुन्हा बघा. 'रन' या तीन अक्षरी क्रियापदाचे ऑक्सफर्डच्या संपादकांना 645 अर्थ सापडले, त्याचं कौतुक 2011 साली सगळीकडे छापून आलं. मला 'क्वाइट'चे दोनच जास्त अवघड वाटतात.

आपल्या मातीशी या सगळ्याचं नातं 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशापाशी जुळतं. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या बोलीतले शब्द त्यात गोळा केले. मोहरमच्या मिरवणुकीत लोक 'या हसन, या हुसेन' म्हणत छाती पिटत, ते गोऱ्या शिपायांच्या कानांना हॉब्सन-जॉब्सन ऐकू आलं. हॉब्सन म्हणजे पुन्हा तोच हॉब, रॉबर्टचा. शोकाच्या हाकेचा दोन गावंढळ इंग्रज आडनावांत चेंदामेंदा झाला. यूलला हे नाव फार समर्पक वाटलं. त्याच्या कोशाचा मी चाहता आहे, पण या नावाची गंमत त्याला जितकी वाटली तितकी मला वाटत नाही.

त्याच काळात नाशिकजवळचं एक गाव इंग्रजीत शिरलं. देवळालीला लष्कराची छावणी होती. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई बोट मिळेपर्यंत तिथे थांबत. बोटी हिवाळ्यात चालत. हंगाम चुकला की उन्हाळा आणि पावसाळा तिथेच काढायचा, काम नाही, ऊन, हिवताप, आणि घरी जायचं तर डोळ्यांपुढे दिसतंय. माणसं दारू प्यायची, भांडायची, काहींचं डोकं फिरायचं. अशा माणसाला 'डूलाली टॅप' झालाय म्हणत. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे ताप, साधा आपला ताप. पुढे टॅप गळाला. आज इंग्लंडमध्ये चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणाऱ्या आजोबांना 'डूलाली' झालेत म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे मध्य रेल्वेवरचं स्टेशन आहे हे ठाऊक असतं. बीबीसीने 1974 मध्ये सुरू केलेल्या एका गाजलेल्या विनोदी मालिकेची छावणी देवळालीतच होती. इतर शब्दांनी इतकं सोसलं नाही. मुंगूस 'मंगूस' म्हणून गेलं. मुंबईच्या डोंगरीजवळ विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडाची 'डंगरी' झाली आणि गवंड्यांच्या अंगावरून पोरीबाळींच्या फॅशनपर्यंत पोचली.

हल्लीच्या शब्दांचा आढावा घ्यायचा तर छापून येईपर्यंत तो शिळा होतो. एमिनेमच्या 2000 सालच्या गाण्यातल्या वेडसर चाहत्याचं नाव 'स्टॅन', आता ते क्रियापद आहे. 'कॅरन' हे एका पिढीतल्या लाखो बायकांचं साधं नाव, 2020 च्या सुमारास ते दुकानात 'मॅनेजरला बोलवा' म्हणून तणतणणाऱ्या गोऱ्या बाईचं शेलकं विशेषण झालं. ज्यांचं ते खरंच नाव आहे त्यांना कुणी विचारलं नाही. ऑक्सफर्डने 2023 चा शब्द म्हणून 'रिझ' निवडला, 'करिझ्मा'च्या मधला तुकडा, आणि निवड जाहीर झाली त्या दिवशी पोरांनी तो टाकून दिला असावा. 2024 चा 'ब्रेन रॉट' तर थोरोने 1854 मध्येच वापरला होता. फरक वेगाचा आहे. कॉकनी यमक एका वस्तीतून दुसरीत जायला वर्षं घेई, आता एका शाळेच्या वर्गातला शब्द आठवड्यात मनिलाला पोचतो. पण ज्याच्यासाठी तो घडला ते काम तेच आहे: मोठ्यांना, बाहेरच्यांना कळू नये. आईबापांना कळला की शब्द मेला.

मराठीत आलेल्या इंग्रजीला मात्र असा अंत नाही, कारण इथे तिला नवं घर मिळालं. 'तो लई चॅप्टर आहे' यातला चॅप्टर म्हणजे बेरकी माणूस, 'काल चौकात मॅटर झाला' यातला मॅटर म्हणजे भांडण, 'शायनिंग मारू नको' म्हणजे मिरवू नको. कुठल्याही इंग्रज कोशात हे अर्थ सापडायचे नाहीत आणि सापडायची गरजही नाही. 'फॅमिलीला घेऊन आलोय' म्हणणाऱ्या माणसाबरोबर एकटी बायको असते. मागच्या पिढीतली मराठी बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. नाव घ्यायचं ते उखाण्यात, एरवी 'हे', 'आमच्याकडचे', नाहीतर मुलाचं नाव घेऊन 'बंड्याचे बाबा'. शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या बाईला बँकेत, दवाखान्यात, शाळेत परक्यांपुढे 'हे' म्हणणं अवघड व्हायला लागलं. तिने इंग्रजीतला आडनावापुढे लागणारा मिस्टर उचलला, आडनाव काढून टाकलं, आदरार्थी बहुवचन लावलं आणि सरळ सांगितलं, 'माझे मिस्टर बाहेरगावी गेलेत, फॉर्मवर मीच सही करते.'